खोली नंबर चौदा, व्यक्ती दोन

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नसेल, तर बागेची भिंत मोजणं किती अवघड असतं, हे नगरसेविका झाल्याशिवाय कळत नाही. टेपच्या टोकावर विटेचा तुकडा ठेवून ती चार पावलं मागे गेली की वीट घसरायची आणि टेप सर्रकन येऊन तिच्या मुठीत शिरायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिने विटेला एक शिवी हासडली. लोकप्रतिनिधीच्या तोंडी शोभावी अशी ती नव्हती.

“विटेचं काय चुकलं?” मागून कुणीतरी विचारलं.

ती दचकून वळली. खांद्याला हत्यारांची पिशवी, बोटांना काळं वंगण, आणि चेहऱ्यावर हसू दाबण्याचा अगदीच फसलेला प्रयत्न... असा एक माणूस भिंतीच्या खिंडारात उभा होता. याच खिंडारातून रोज संध्याकाळी मोटारसायकली बागेत घुसायच्या आणि आया पोरांना उचलून कडेला पळायच्या. म्हणून तर ती खिंडार मोजायला आली होती.

“मी धरू?” त्याने विचारलं.

“वेळ आहे?”

“मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुणी अडकलं की मला वेळ नसतो. सध्या कुणी अडकलेलं नाही... तुमच्याशिवाय.”

तिने टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते भिंतीच्या कडेशी असं नेमकं धरलं, जणू आयुष्यभर हेच काम केलंय.

“साडेअकरा फूट,” ती म्हणाली. “इंजिनिअरसाहेबांच्या कागदावर सात आहे.”

“मग साडेचार फूट गेले कुठे?”

“तेच शोधतेय.”

“सापडले की कळवा,” तो म्हणाला आणि टेपचं टोक तिच्या हातात ठेवून निघाला. दहा पावलांवर जाऊन थांबला. “तुम्ही त्या बोर्डावरच्या ना? फोटोत फार रागावलेल्या दिसता.”

“फोटोवाल्याने तासभर ताटकळत ठेवलं होतं!”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला. “मला वाटलं, स्वभावच आहे.”

घरी पोहोचेपर्यंत तिच्या मनात सात चोख उत्तरं तयार होती. एकही द्यायला माणूस समोर नव्हता.

तसं पाहिलं तर तिच्या आयुष्यात माणसांना काय तोटा होता? सकाळी आठला कार्यालयाचं दार उघडलं की दुपारी दोनपर्यंत माणसांचा नुसता राबता. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या गल्लीत दिवा नाही, कुणाच्या जिन्याचा कठडा हलतोय. चार हजार घरं आणि त्या चार हजार घरांची ती ताई. सत्तरीचे आजोबासुद्धा तिला ताईच म्हणायचे. दोन वाजता दार ओढून घेतलं, की कार्यालयामागच्या तिच्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज. एक ताट, एक वाटी, एक पेला. धुवायला दोन मिनिटंही लागायची नाहीत.

“एवढी माणसं तुला ओळखतात,” परगावाहून वहिनीचा फोन यायचा, “त्यातला एकही धड नाही?”

“वहिनी, ते सगळे मला ताई म्हणतात.”

“मग म्हणू नका म्हणून सांग! त्यात काय एवढं?”

वहिनीच्या जगात सगळे प्रश्न असेच झटकन सुटायचे. तेहेतीस वर्षांची नणंदच तेवढी सुटत नव्हती.

दर मंगळवारी दिवेलागणीला वॉर्डातून पायी फिरायचं आणि न लागलेले रस्त्यावरचे दिवे वहीत टिपायचे, हा तिचा नेम होता. पुढच्याच मंगळवारी तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तो उभा.

“सापडले का साडेचार फूट?”

“चौकशी चालू आहे,” ती म्हणाली. “तुम्ही इथे काय करताय?”

“राहतो. त्या पिवळ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.” मग जरा थांबून, “लिफ्ट नाही आमच्याकडे. म्हणून तर तिथे शांत झोप लागते मला.”

ती हसली. अगदी मोकळं, आवाज करून. आपण असं हसतो, हेच ती विसरली होती.

त्या दिवशी तो तिच्याबरोबर चार गल्ल्या चालला. डाव्या बाजूचे दिवे तिने पाहिले, उजव्या बाजूचे त्याने. पुढच्या मंगळवारीही. आणि त्याच्या पुढच्या... तो तिला ताई म्हणत नसे. काहीच म्हणत नसे. नुसतं ‘तुम्ही’.

“कसं असतं तुमचं काम?” एकदा तिने विचारलं.

“दिवसभर लोकांच्या घरांच्या पाठीमागे असतो,” तो म्हणाला. “लिफ्टच्या त्या अंधाऱ्या पोकळीत. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं — भांडणं, गाणी, कुणी कुणाला जेवायला हाक मारतंय... मी कुणाला दिसत नाही. काम झालं की हत्यारं गोळा करायची, चाललो.”

तिने वहीत एक बंद दिवा टिपला.

“माझं उलटं आहे,” ती म्हणाली. “मी सगळ्यांना दिसते.”

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. त्या नादात उजव्या बाजूचे दोन बंद दिवे तसेच मागे पडले. वॉर्डाचं नुकसान झालं, हे खरं आहे.

सगळं असं छान चाललेलं असताना पिवळ्या इमारतीच्या खांबाला तडा गेला.

तडा केसाएवढा होता. महिन्याभरात त्यात बोट जाऊ लागलं. इमारत धोकादायक ठरली आणि ती रिकामी करायचा निर्णय झाला. नवी बांधून व्हायला दोन वर्षं लागणार होती. तोवर राहायला वॉर्डातच अकरा तात्पुरती घरं होती, पण ती फक्त दोन किंवा जास्त माणसांच्या कुटुंबांना. एकट्या माणसाने शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या वसाहतीत जायचं. शिवाय मिळालेल्या घरात स्वतः राहायचं, नाहीतर नव्या इमारतीतला हक्क गेला. लोक तात्पुरती घरं परस्पर भाड्याने देतात म्हणून हा नियम सभेत तिनेच मांडला होता, टेबलावर हात आपटून.

कोणत्या खोलीत किती माणसं, याचं सर्वेक्षणही तिने स्वतःकडे घेतलं. त्यातली तिची पद्धत ठरलेली होती : विचारायचं नाही, मोजायचं. विचारलं की लोक गावचे मावसभाऊसुद्धा घरातले म्हणून सांगतात. म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, आत नजर फिरवायची, डोकी मोजायची आणि आकडा लिहून मोकळी व्हायची. तिच्या मोजणीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

चौदा नंबरच्या खोलीशी ती पोहोचली तेव्हा बाहेर पाऊस लागला होता आणि आत छत गळत होतं. खोलीच्या मधोमध बादली. तिच्यात टप्... टप्...

“बाहेर उभ्या राहून भिजाल,” तो म्हणाला. “आत या. चहा टाकलाच आहे.”

“मी ड्यूटीवर आहे.”

“चहाही ड्यूटीवरच आहे. तुम्ही नाही घेतलात तर त्याचं सर्वेक्षण राहील.”

ती आत गेली. बादलीच्या या बाजूला ती, त्या बाजूला तो. खोली टापटीप होती, पण कुणी येईल याची वाट कधी न पाहिलेली. खुर्ची एकच होती. ती त्याने तिला दिली आणि स्वतः हत्यारांच्या पेटीवर बसला.

“ही इमारत पाडली तर तुम्हाला वाईट वाटेल?” तिने विचारलं.

“इमारतीचं नाही वाटणार.”

“मग कशाचं?”

“मंगळवारचं,” तो म्हणाला आणि कपात बघत राहिला.

तिच्या कानशिलांत ऊन ऊन झालं. काहीतरी करायला हवं म्हणून तिने फॉर्म पुढे ओढला, नेहमीसारखी खोलीभर नजर फिरवली, मोजलं, लिहिलं, सही केली. एक प्रत त्याच्या हातात दिली आणि जवळजवळ पळतच जिना उतरली.

दीड महिन्याने यादी लागली. तिने ती कार्यालयाच्या फळ्यावर वाचली आणि चौदा नंबरपाशी थबकली. ‘व्यक्ती दोन. घर वॉर्डातच.’

लिहिणाऱ्याची चूक असणार, असं म्हणत तिने मूळ फॉर्म काढला. अक्षर तिचंच. आकडा दोन. खाली तिचीच सही, तीही झोकदार.

असं कसं झालं? एकेक खोली तिने डोळ्यांपुढे आणली. प्रत्येक दाराशी ती बाहेर उभी होती. फक्त एका खोलीत ती आत होती... खुर्चीवर... हातात कप. तिने खोलीतली माणसं मोजली होती आणि त्यांत स्वतःला धरलं होतं.

कपाळाला हात लावून ती एकटीच हसली. मग हसू आटलं. कारण तिच्या चुकीने तो इथेच राहणार होता. चार गल्ल्यांच्या अंतरावर! तिने काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या बहिणी कार्यालयात आल्या. पिवळ्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. कामानिमित्त धाकटी दोन दिवस बाहेरगावी होती आणि मोजणीच्या वेळी घरात एकटी थोरली, म्हणून त्यांच्या नावापुढे एक लागलं होतं. आता कागद दाखवून दुरुस्ती झाली होती, पण तोवर अकराही घरं भरली होती. त्या प्रतीक्षायादीत पहिल्या.

“माझं काही नाही गं,” थोरली म्हणाली. तिला दिसत नसे. “पण दारापासून बागेच्या बाकापर्यंत माझी दोनशे बारा पावलं आहेत. तेवढीच चालते मी एकटी, कुणाचा हात न धरता. या वयात नवी पावलं कशी पाठ व्हायची?”

“घर रिकामं झालं तर तुम्हालाच मिळेल, आजी,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

हरकतींची सुनावणी पुढच्या मंगळवारी होती. मधले सहा दिवस तिने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. एकदा बागेत तो भेटला. भिंतीचं काम सुरू झालं होतं, म्हणून दोघं त्याबद्दलच बोलले. सिमेंट, रेती, विटा. जिथे घोडं पेंड खात होतं, त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. निघताना तो काहीतरी म्हणणार होता... नाही म्हणाला. रात्रभर तिने त्याचं ते न बोललेलं वाक्य हजारदा पुरं करून पाहिलं. तो गेला तर मंगळवार नुसता वार उरेल. तिला तो हवा होता. इतकं साधं होतं ते, आणि इतकं अवघड.

सुनावणी शाळेच्या वर्गात झाली. मोठी माणसं चिमुकल्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. इंजिनिअरसाहेब यादी वाचत होते. दोघी बहिणी पहिल्या बाकावर, तो शेवटच्या.

“चौदा नंबर. व्यक्ती दोन. हरकत?”

“आहे,” ती उभी राहिली. “तिथे एकच माणूस राहतो.”

साहेबांनी चष्मा वर केला. “मग दोन कुणी लिहिलं?”

“मी.”

“तुम्ही? ताई, तुम्ही तर मोजूनच लिहिता!”

“मोजूनच लिहिलं,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी आत बसले होते. चहा घेत. मी... मलाही मोजलं.”

वर्गात अशी खसखस पिकली की खिडक्या हलल्या. “ताई, उंबऱ्याबाहेर राहून मोजायचं असतं!” कुणीतरी ओरडलं. ती लाजेने लाल झाली, पण खाली बसली नाही. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “एक लिहा. घर प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला द्या.”

“संबंधित रहिवाशाचं काय म्हणणं?” साहेबांनी हसू आवरत विचारलं.

तो उभा राहिला. छोट्या बाकातून निघताना गुडघा आपटला, तो चोळत राहिला.

“दुरुस्ती मान्य आहे,” तो म्हणाला. “एक लिहा. दुसऱ्या व्यक्तीला अजून विचारलेलं नाही.”

आता मात्र कुणी हसलं नाही. थोरल्या बहिणीने धाकटीचा हात घट्ट धरला, एवढंच.

बाहेर पायऱ्यांवर दोघं उभे राहिले. लोक मुद्दाम हळू चालत, मागे वळून बघत जात होते.

“तुमच्याकडे प्रत होती,” ती म्हणाली. “पाहिलं असेल की.”

“त्याच दिवशी पाहिलं. आज हात वर करायलाच आलो होतो, खरंच. तुम्ही आधी उठलात.”

“मग इतके दिवस गप्प का?”

त्याने खांद्यावरची पिशवी उगाच सारखी केली. “मला कधी कुणी दोन लिहिलं नव्हतं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही. “मग... विचारा ना.”

“आत्ता नाही. आत्ता विचारलं तर म्हणतील, घरासाठी विचारलं. तुमच्या नावाला बट्टा लागेल.” तो एक पायरी उतरला. “आधी मला जाऊ द्या. तिकडचं घर ताब्यात घेऊ द्या. मग तुम्ही या. मी इकडे आलो तर घर मागायला आल्यासारखंच दिसेल. रविवारी घरी असतो मी.”

गुरुवारी तो गेला. एक टेम्पो, त्यात एक खुर्ची, एक गादी, हत्यारांची पेटी. ती रस्त्यावर उभी राहिली, नगरसेविका म्हणून, बाकीच्या बिऱ्हाडांच्या वेळी उभी होती तशीच. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, तरी ती उभीच.

पहिल्या रविवारी पाण्याची मोठी वाहिनी फुटली, जाता आलं नाही. दुसऱ्या रविवारी बागेच्या नव्या भिंतीचं काम पुरं व्हायचं होतं. तिसऱ्या रविवारी वॉर्डात काहीच मोडलं नाही, फुटलं नाही, तरी ती गेली नाही. तेव्हा तिला कळलं की आपण घाबरलोय. आजवर हजार दारं तिने वाजवली होती, पण प्रत्येक वेळी हातात कुठला ना कुठला कागद होता. नुसतंच दार कसं वाजवायचं, हे तिला येत नव्हतं. मंगळवारी ती दोन्ही बाजूंचे दिवे एकटीच टिपायची. एका बाजूचे पाहून परत फिरायचं आणि दुसऱ्या बाजूचे पाहायचं. वेळ दुप्पट लागायचा आणि घरी जायची घाई तशी कधी नव्हतीच.

चौथ्या रविवारी सकाळी ती बागेत येरझारा घालत होती. बाकावर थोरली आजी बसली होती. नव्या घरापासून आता तिची एकशे नव्वदच पावलं होती, आणि ती पाठ करायला तिला आठवडाही लागला नव्हता.

“कितव्यांदा माझ्यासमोरून गेलीस?” आजी म्हणाली. “मी मोजतेय हो. पायाला भिंगरी लागली असेल तर निदान सरळ रेषेत तरी जा, बाई. बस मिळेल.”

बसला पाऊण तास लागला. शेवटच्या थांब्यावर ती उतरली. सारख्या रंगाच्या सारख्या इमारती. समोरून येणाऱ्या एकानेही तिला नमस्कार केला नाही, एकानेही नळाचं गाऱ्हाणं सांगितलं नाही. एका बाईला तिने पत्ता विचारला, तेव्हा त्या बाईने तिला नखशिखान्त न्याहाळून म्हटलं, “कोण तुम्ही त्यांच्या?”

“अजून ठरायचंय,” ती म्हणाली.

तिसरा मजला. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, हातात इस्त्री. तिला बघून त्याने इस्त्री खाली ठेवली, मग पुन्हा उचलली, मग कुठे ठेवायची ते सुचेना म्हणून तशीच हातात धरून उभा राहिला.

“आत... या ना,” तो शेवटी म्हणाला.

“आधी विचारा. मग येते.”

“असं दारात?”

“मी दारातच उभी राहून काम करते. एकदाच आत आले, तर काय झालं ते सगळ्या वॉर्डाला माहीत आहे.”

तो हसला. मग गंभीर झाला. घसा खाकरला. “लग्न कराल माझ्याशी?”

“हो,” ती म्हणाली. “पण ऐकून घ्या. दोन वर्षं तुम्हाला हे घर सोडता येणार नाही.”

“माहीत आहे. एका बाईने टेबलावर हात आपटून तसा नियम करून घेतलाय म्हणे.”

“आणि माझी मुदत संपेपर्यंत मला वॉर्ड सोडता येणार नाही. म्हणजे तुम्ही रविवारचे नवरे.”

“आणि बाकीचे सहा दिवस?”

ती उत्तर शोधायला थांबली नाही. इतके आठवडे ते तिच्यापाशीच होतं.

“बाकीचे सहा दिवस मला तुमची आठवण येईल,” ती म्हणाली. “आत्तापर्यंत कुणाचीच येत नव्हती.”

त्याने इस्त्री जमिनीवर ठेवली आणि दारातून बाजूला झाला.